धुळे ते सप्तशृंगगड : सात दिवसांची पायी वाट, आपल्या बेताने

चैत्र लागला की खान्देशातल्या गावागावांतून सप्तशृंगगडाकडे माणसे चालू लागतात. पुढे भगवा झेंडा, मागे सामानाचा टेम्पो, त्यावर बांधलेला भोंगा आणि मध्ये रात्रभर चालणारी तरणीताठी पोरे, हे दृश्य धुळे-मालेगाव रस्त्याने कधी रात्रीचा प्रवास केला असेल त्याला नवे नाही. रामनवमीला सुरू होऊन चैत्र पौर्णिमेला पूर्ण होणाऱ्या चैत्रोत्सवात गडावर खान्देशकरांचाच भरणा अधिक असतो, कारण साडेतीन शक्तिपीठांतले हे अर्धे पीठ आपल्याकडच्या असंख्य घरांचे कुलदैवत आहे. अशा पदयात्रेत सामील होणे अवघड नाही. गावातल्या मंडळाकडे नाव द्यावे, वर्गणी भरावी आणि झेंड्यामागे चालावे. हे टिपण मात्र ज्यांना हीच वाट दोघा-तिघांनी, कोणत्याही मंडळाशिवाय, आठवड्याची रजा काढून दिवसाउजेडी चालायची आहे, त्यांच्यासाठी आहे.

मंडळे धुळ्याहून तीन-चार रात्रींत गड गाठतात. स्वतःच्या बेताने जाणाऱ्याने त्यांच्याशी बरोबरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे : त्यांचे ओझे टेम्पोत असते, आपले पाठीवर. शिवाय त्यांच्या वाटेवर दर काही किलोमीटरला चहा, पाणी, फराळ आणि पाय चेपून देणारी माणसे असतात. एरवीच्या दिवसांत त्याच वाटेवर यातले काहीही नसते. म्हणून सुमारे 140 किलोमीटरच्या या अंतरासाठी सात दिवस धरावेत.

वाट कशी आहे

धुळ्याहून निघाल्यावर मालेगावपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर मुंबई-आग्रा महामार्गाने जावे लागते. लळिंग, आर्वी, पुरमेपाडा, झोडगे, चिखलओहोळ ही वाटेतली मुख्य गावे. मालेगावहून गिरणा ओलांडून सौंदाण्यापर्यंत पुन्हा महामार्गच आहे. सौंदाण्याला तो सोडून मेशी फाट्यावरून देवळ्याकडे वळायचे, तेथून कळवण, आणि कळवणहून कोल्हापूर फाटा, आठंबे या मार्गाने गडाच्या पायथ्याचे नांदुरी. जळगाव, पारोळ्याकडची माणसे धुळ्यालाच येऊन मिळतात, चाळीसगावकर परस्पर मालेगाव गाठतात, तर साक्री-पिंपळनेर भागातले लोक ताहाराबाद, सटाणा असे उतरतात. वाट कोणतीही धरली तरी अहिराणी कळवणपर्यंत सोबत करते, आणि एकट्या वाटसरूला त्याचा आधार केवढा असतो, हे तहान लागल्यावर एखाद्या ओट्यावरून “बठ भो, पानी पे” असा आवाज आला म्हणजे समजते.

धुळे समुद्रसपाटीपासून सुमारे 250 मीटरवर आहे आणि गड सुमारे 1,200 मीटरवर, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ एक किलोमीटर उंची चढायची असते. परंतु ही चढण इतकी पसरलेली आहे की सुरुवातीचा लळिंगचा घाट आणि शेवटचे दहा किलोमीटर सोडले तर ती पायाला फारशी कळत नाही. गिरणा ज्या डोंगराळ भागात उगम पावते त्याच बाजूला आपण चढत असतो. पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळणाऱ्या या नदीच्या उलट दिशेने चालतो आहोत, एवढे ध्यानात ठेवले तरी नकाशा डोक्यात बसतो.

सात मुक्कामांची माझी विभागणी अशी आहे. पहिल्या दिवशी पुरमेपाडा, बावीसेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी मालेगाव, हा सर्वांत लांबचा टप्पा. तिसऱ्या दिवशी मुद्दाम थोडके चालून सौंदाणे. चौथ्या दिवशी देवळा. पाचव्या दिवशी कळवण. सहाव्या दिवशी नांदुरी आणि सातव्या दिवशी सकाळी गड. तिसरा दिवस आखूड ठेवण्यामागे अनुभव आहे. पाय दुखायचे ते दुसऱ्या दिवशीच दुखू लागतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सवलत मिळाली तर चौथ्या दिवसापासून ते तक्रार करत नाहीत.

कोणत्या दिवसांत जावे

मार्गशीर्ष ते माघ हा काळ सर्वांत चांगला. पहाटे देवळा-कळवणकडे थंडी चांगलीच बोचते, पण अकरा वाजेपर्यंत सुखाने चालता येते आणि दुपारी सावलीत बसल्यावर अंग भाजत नाही. याच दिवसांत देवळा, कळवण तालुक्यांत उन्हाळ कांद्याची लागवड चाललेली असते. वाफ्यात ओळीने वाकून रोपे टोचणाऱ्या बायका आणि बांधावर ठेवलेल्या रोपांच्या हिरव्या जुड्या पाहत चालण्याचे सुख चैत्रातल्या रात्रीच्या पदयात्रेत मिळत नाही. नवरात्रात आणि कोजागरीलाही गडावर मोठी गर्दी असते. कोजागरीला तर खान्देशातून तापीचे पाणी घेऊन कावडी जातात. ती गर्दी पाहायची असेल तरच तेव्हा जावे.

चैत्रातच जायचे असा नवस असेल तर दिवसा चालण्याचा हट्ट धरू नये. खान्देशात त्या दिवसांत पारा सहज 40 अंशांच्या वर जातो. पहाटे तीन ते सकाळी नऊ आणि सायंकाळी सहा ते दहा एवढेच चालावे, आणि रात्रीच्या वेळी एखाद्या मोठ्या मंडळाच्या आगेमागे राहावे, कारण रात्रीच्या महामार्गावर दोन-तीन माणसे ट्रकचालकाला दिसत नाहीत, दोनशे माणसे दिसतात. एप्रिल-मेच्या भर दुपारी या रस्त्यावर चालणे ही भक्ती नव्हे, बेफिकिरी आहे.

पाय

या वाटेवर माघार घ्यावी लागली तर ती बहुधा दमामुळे नव्हे, तळपायामुळे घ्यावी लागते. म्हणून तयारीतला निम्मा विचार पायांवर खर्च करावा.

बूट नवे नसावेत. घातल्यापासून निदान शंभर किलोमीटर चाललेले, नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे आणि पुढे अंगठ्याला मोकळीक असलेले बूट घ्यावेत, कारण दिवसभर चालल्यावर पाऊल फुगते. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. खेळाच्या दुकानात मिळणारे पातळ कृत्रिम धाग्याचे मोजे बरे. तीन जोड ठेवावेत : एक पायात, एक पिशवीत कोरडा, एक धुऊन पिशवीच्या मागे पिनेने लटकवलेला. सकाळी निघताना बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलीन लावावे. पहिले दोन दिवस दर तासाला थांबून बूट-मोजे काढावेत, पाऊल वाऱ्यावर धरावे आणि हाताने चाचपावे. एखाद्या जागी चटका जाणवला, कातडी गुलाबी व गरम लागली, की तेथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावायची. मेडिकलमध्ये मायक्रोपोर मागितले की ती मिळते. पट्टी लावताना कातडी कोरडी असावी, व्हॅसलीन पुसून घ्यावे, आणि पट्टीचे कोपरे कात्रीने गोल कापावेत. टोकदार कोपरा मोज्यात अडकून सुटतो आणि सुटलेली पट्टी गुंडाळी होऊन दुसरा फोड करते. ही गोल कोपऱ्याची युक्ती मला एका वारकऱ्याने शिकवली.

शिकवली तेव्हा उशीर झाला होता, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या खेपेला झोडग्याच्या पुढे उजव्या टाचेला चटका बसत होता आणि मी “मालेगाव आले की पाहू” असे म्हणत चालत राहिलो. मालेगावात बूट काढला तेव्हा रुपयाएवढा फोड फुटून मोजा टाचेला चिकटलेला होता. तेथून पुढचे दोन दिवस मी चपलेवर, लंगडत काढले. फोड आलाच आणि तो टचटचीत भरून चालणे अशक्य करत असेल, तर स्पिरिटने पुसलेल्या सुईने कडेला बारीक छिद्र पाडून पाणी निपटावे, वरची कातडी मुळीच सोलू नये, जंतुनाशक लावून स्वच्छ पट्टीने झाकावे. लहान फोड फोडूच नये. मधुमेह असलेल्यांनी घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा, आणि निघण्यापूर्वीच डॉक्टरांना पाय दाखवून घ्यावेत.

अनवाणी जाण्याचा नवस अनेकांचा असतो. त्याबद्दल आदर ठेवूनही सांगतो की तापलेले डांबर आणि साइडपट्टीवरच्या काचा नवस ओळखत नाहीत. गडावरच्या पायऱ्या अनवाणी चढण्याचा नवस बोलावा, तो फिटतोही.

सराव सहा आठवडे आधी सुरू करावा. आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर आणि रविवारी वाढत्या क्रमाने बारा, पंधरा, अठरा. धुळ्यात राहणाऱ्यांना लळिंगपर्यंत जाऊन परत येणे हा सुमारे वीस किलोमीटरचा तयार पल्ला आहे आणि त्यात चढही येतो. निघण्याच्या पंधरा दिवस आधी हाच पल्ला लागोपाठ दोन दिवस, भरलेल्या पिशवीसह चालून पाहावा. दुसऱ्या दिवशी जे दुखेल, तेच वाटेवर दुखणार आहे.

पिशवी आणि शिदोरी

पाण्यासह पिशवीचे वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावे. दोन जोड कपडे, एक पातळ चादर, हिवाळ्यात स्वेटर व कानटोपी, विजेरी, उपरणे, आधार कार्ड, थोडी रोख रक्कम, पॉवर बँक आणि औषधांची पुडी एवढ्यावर भागते. पाठीमागे चमकणारी रिफ्लेक्टरची पट्टी मात्र शिवून घ्यावी, मग दिवसा चालायचे असले तरी. कुत्र्यांसाठी हातात काठी असावी. चावलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करावी.

शिदोरीत दशम्यांना तोड नाही. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी हिवाळ्यात दोन दिवस सहज टिकते, पाण्याचा थेंब न लावता केलेली असेल तर तिसऱ्या दिवशीही चालते. गूळ-शेंगदाणे खिशात हवेत. महामार्गावर ढाब्यांना तोटा नाही, पण भरदुपारी तर्रीदार शेवभाजी खाऊन पुढे दहा किलोमीटर चालण्याचा बेत कोणी करू नये. ती मुक्कामाच्या रात्रीसाठी ठेवावी. दुपारी भाकरी, साधे वरण, ताक. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत राहावे. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून जलसंजीवनी तयार करावी. चमचा चहाचा धरावा आणि मिठाचे प्रमाण वाढवू नये.

रस्त्यावर

वाहने डावीकडून चालतात म्हणून पायी माणसाने उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. चौपदरी महामार्गावर जेथे सर्व्हिस रोड आहे तेथे तोच धरावा, नसेल तेथे पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, एकामागे एक. कंटेनर जवळून गेला की त्याचा वारा माणसाला हलवतो. अशा वेळी काठी रस्त्याच्या बाजूला न टेकवता आतल्या बाजूला टेकवावी. कानात गाणी नकोत. महामार्गावर अडचण आली तर 1033, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर कोणत्याही संकटासाठी 112 हे क्रमांक लक्षात असावेत.

खरे सांगायचे तर मालेगावपर्यंतची वाट चालायला रूक्ष आहे आणि तिच्यावर वेळ घालवण्यासारख्या जागा मोजक्याच आहेत. लळिंगचा किल्ला फारुकी राजवटीतला. पायथ्याच्या कुरणात लांडोर बंगला आहे, जेथे 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मुक्काम झाला होता. पहिल्याच दिवशी किल्ला चढण्याचा मोह मात्र आवरावा, तो सरावाच्या एखाद्या रविवारी पाहून घ्यावा. झोडग्याला थांबलेच पाहिजे. महामार्गापासून जवळच माणकेश्वराचे यादवकालीन शिवमंदिर आहे, भूमिज शैलीचे, म्हणजे शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या ओळी वर चढत गेलेल्या. त्याच्या सावलीत पाठ टेकून बूट काढावेत आणि शिखर खालून वर सावकाश पाहावे. दुसऱ्या दिवसाची विश्रांती याहून चांगल्या जागी मिळणार नाही. मालेगावात नारोशंकर राजेबहाद्दरांनी अठराव्या शतकात बांधलेला भुईकोट मोसमच्या काठी आहे, आणि संध्याकाळी वस्तीतून फिरताना यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो.

सौंदाण्याला महामार्ग सुटला की वाटेचा स्वभाव बदलतो. रस्ता अरुंद होतो, ट्रकांऐवजी कांद्याचे ट्रॅक्टर भेटतात. अरुंद रस्त्याला साइडपट्टी नसते, म्हणून वळणावर अधिक जपून चालले पाहिजे. महामार्ग सुटला म्हणून सैल पडणे हीच येथली चूक. देवळ्यापासून दक्षिणेला सातमाळेची रांग दिसू लागते. तिच्यातला धोडप त्याच्या माथ्याजवळच्या कातळात पडलेल्या खाचेमुळे लगेच ओळखता येतो, आणि कळवणपर्यंत तो डाव्या हाताला राहतो. कळवण सोडल्यावर रवळ्या-जावळ्या, मार्कंड्या आणि अखेर सात शिखरांचा गड अशी ओळख पटत जाते. ही दोन दिवसांची चाल या वाटेचे सार आहे. येथे घाई करणाऱ्याने पहिले चार दिवस कशासाठी काढले, असा प्रश्न पडतो.

मुक्काम

मालेगाव, देवळा, कळवण येथे लॉज मिळतात. पुरमेपाडा, सौंदाणे आणि नांदुरीसाठी आधी चौकशी करून ठेवावी. मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओट्यावर निजायचे असेल तर दिवस मावळण्याआधी गावात पोचून पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटावे, आधार कार्ड दाखवावे, कोठून कोठे चाललो आहोत ते सांगावे. गडावर चाललेल्या माणसाला खान्देशात सहसा कोणी नाही म्हणत नाही, परंतु अंधार पडल्यावर पिशवी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या अनोळख्याकडे कोणत्याही गावात संशयानेच पाहिले जाते. महिलांनी किमान तिघींनी जावे आणि मुक्काम शक्यतो लॉजमध्ये किंवा ओळखीच्या घरी ठरवावा. सकाळी निघताना झोपलेली जागा झाडून घ्यावी आणि दानपेटीत काही टाकावे. चैत्रात वाटेवरच्या अन्नदानाचा लाभ घेतलात तर तासभर वाढायला उभे राहावे. सुट्टीवर आलेल्या माणसाने पंगतीत फक्त बसून उठणे बरे दिसत नाही.

गड

नांदुरीहून वर जाण्यासाठी दहा किलोमीटरचा घाटरस्ता आहे आणि रडतोंडीची जुनी पायवाटही आहे, जिच्या नावातच सगळे आले. रडतोंडीने जायचे असेल तर उजाडल्यावर, कोरड्या दिवसांत आणि नांदुरीत विचारपूस करूनच जावे; पावसाळ्यात किंवा गुडघे दुखत असतील तर घाटरस्ता बरा. यात्रेच्या काळात घाटात खासगी वाहनांना बंदी असते आणि फक्त एसटी बसगाड्या धावतात, त्यामुळे एरवीपेक्षा चालणे सोपे होते.

वरच्या गावातून देवीच्या मंदिरापर्यंत सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी येथे पायऱ्या बांधवल्याची नोंद आहे. ज्यांचे पाय संपले असतील त्यांच्यासाठी फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, आणि 140 किलोमीटर चालून आल्यावर शेवटच्या टप्प्याला ट्रॉलीत बसण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कड्यातच कोरलेली अठरा हातांची देवी आठ फुटांच्या आसपास उंच आहे. 2022 मध्ये मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या साचलेला शेंदराचा थर उतरवण्यात आला, त्यामुळे पूर्वी दर्शन घेतलेल्यांना आता वेगळेच, रेखीव रूप दिसते. देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सांगत असलेले पुराण ती ऐकते, अशी श्रद्धा आहे, आणि तो मार्कंड्या आपण आदल्या दिवशी रस्त्यावरून पाहिलेला असतो. चैत्र पौर्णिमेच्या आदल्या रात्री दरेगावचे गवळी पाटील शिखरावर कीर्तिध्वज लावतात. जेथे सरळ उभे राहायला जागा दिसत नाही अशा सुळक्यावर पहाटे झेंडा फडकताना पाहायचा असेल तर मुक्काम त्या हिशेबाने आखावा.

देवस्थानचे भक्तनिवास आणि प्रसादालय गडावर आहे. शक्य असल्यास एक रात्र वर काढावी आणि दुसऱ्या दिवशी शिवालय तलाव, शीतकडा पाहून उतरावे.

परतीसाठी नांदुरीहून कळवण, मालेगाव करत धुळ्याला यावे किंवा नाशिकला उतरून थेट गाडी धरावी. महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. गाडीत बूट काढून चपला घालाव्यात आणि मालेगावला गाडी थांबेल तेव्हा खाली उतरून पाच मिनिटे फेऱ्या माराव्यात. सात दिवस चाललेले पाय तासन्‌तास लोंबकळत राहिले तर घोट्याला सूज येते, आणि मग धुळ्याच्या स्थानकात पायरी उतरताना शेजारच्याचा खांदा मागावा लागतो.